फर्मवेअर, संमती आणि अभ्यासिकेतले आठ लॅपटॉप

आमच्या अभ्यासिकेच्या भिंतीवर एक पाटी होती. ‘या खोलीतील सर्व संगणकांवर शंभर टक्के मुक्त सॉफ्टवेअर आहे.’ पाटी आम्हीच रंगवून घेतली होती, आणि पाहुणे आले की त्यांना अभिमानाने दाखवतही होतो. गेल्या महिन्यात ती आम्ही उतरवली. ती खोटी होती, आणि पहिल्या दिवसापासून खोटी होती. हे आम्हाला कळले कसे, आणि त्यावरून आमच्यात जो वाद झाला तो काय होता, ते मित्रांनो, आज सविस्तर मांडायचे आहे. विषय संगणकाचा आहे म्हणून कुणी पान उलटू नये. प्रश्न संमतीचा आहे.

अभ्यासिका विहाराच्या मागच्या खोलीत भरते. २०२२ साली एका ओळखीच्या माणसामार्फत एका कंपनीने काढून टाकलेले आठ लॅपटॉप आम्हाला मिळाले. हार्ड डिस्क पुसलेल्या, विंडोजचा परवाना नाही. चोरीची विंडोज टाकून द्यायला वस्तीतला दुकानदार तयार होता, पण मुलांना पहिला धडा चोरीचा नको असे आमचे मत पडले. इंजिनिअरिंगला असलेल्या एका मित्राने डेबियन सुचवले. लिनक्सवर चालणारी ही प्रणाली. १९९३ साली इयन मरडॉक या तरुणाने सुरू केली आणि तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक ती चालवतात. मालक नाही, भागधारक नाहीत.

आम्ही समाजशास्त्राचे विद्यार्थी. प्रोसेसर-रॅमपेक्षा आम्हाला भुरळ घातली ती वेगळ्याच गोष्टीने. डेबियनला एक लेखी सामाजिक करार आहे. १९९७ साली स्वीकारलेला, पाच कलमांचा. पहिले कलम म्हणते की डेबियन शंभर टक्के मुक्त राहील. तिसरे म्हणते की अडचणी आम्ही लपवणार नाही. चौथ्यात वापरणारे लोक आणि मुक्त सॉफ्टवेअर या दोघांना अग्रक्रम दिला आहे. ऑपरेटिंग सिस्टिमला एवढी लेखी जबाबदारी असते हे आम्हाला तेव्हा पहिल्यांदाच कळले. पाटीवरचे ‘शंभर टक्के’ हे शब्द आम्ही त्या पहिल्या कलमातूनच उचलले.

लॅपटॉपवर डेबियन बसवण्याचे काम मुद्दामच मुलांना दिले. तेव्हा डेबियनची अकरावी आवृत्ती होती. बसवणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे इन्स्टॉलरला, मराठीचा पर्याय आहे; पण मुलांना इंग्रजीची सवय व्हावी म्हणून आम्ही इंग्रजीच निवडायला सांगितली. ही आमची चूक, आधीच कबूल करून टाकतो.

बारावीतली एक मुलगी सहा नंबरच्या लॅपटॉपवर बसली होती. सगळ्यांच्या आधी तिचे काम झाले. पण वायफाय चालेना. आम्ही विचारले, मध्ये काही विचारले होते का त्याने?

“हो दादा. नॉन-फ्री फाईल पाहिजे म्हणत होता. आपल्याकडे कुठं पैसे आहेत? मी ‘नो’ केलं.”

आम्ही हसलो, आणि मग हसू विरले. ‘फ्री’ या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ आहेत, फुकट आणि मुक्त. मराठीत आपल्याला ही अडचण नाही. फुकट मिळालेला माणूस आणि मुक्त झालेला माणूस यांत कुणाचा गोंधळ होत नाही. त्या फाईलला एक रुपयाही पडत नव्हता. ती ‘नॉन-फ्री’ होती ती अमुक्त या अर्थाने. पण गरिबाच्या पोरीने ‘नॉन-फ्री’ वाचले की ती आधी खिशाकडे बघणार. तिचा नकार तिच्या समजुतीप्रमाणे अगदी शहाणपणाचा होता. शिष्यवृत्तीच्या फॉर्मची मुदत दोन दिवसांवर आली होती, तो फॉर्म तिने शेवटी नेट कॅफेत तासाचे पैसे मोजून भरला.

आता ही फाईल म्हणजे काय ते थोडे समजून घेऊ. लॅपटॉपमधले वायफाय कार्ड हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्याला त्याचा प्रोसेसर असतो, आणि तो चालवायला त्याचा वेगळा प्रोग्राम लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. काही उपकरणांत तो चिपमध्येच भरून येतो. बऱ्याच कार्डांत मात्र कंपन्या कायमची मेमरी ठेवतच नाहीत, तेवढाच खर्च वाचतो. वीज आली की कार्ड रिकामेच उठते आणि दर वेळी ऑपरेटिंग सिस्टिमने त्याला ती फाईल भरवावी लागते. भरवणारा ड्रायव्हर मुक्त असतो, लिनक्स कर्नेलमध्ये त्याचा सोर्स कोड कुणीही वाचू शकतो. भरवायची फाईल कंपनीची. वाटायला परवानगी देतात, पण आत काय लिहिले आहे ते दाखवत नाहीत. चूक असेल तर दुरुस्त करता येत नाही, आणि कंपनीने त्या कार्डाकडे पाठ फिरवली की आपणही हात चोळत बसायचे.

त्या दिवशी बाकीच्या सात लॅपटॉपांवर आम्ही काय केले? मोबाईलवरून त्या फाईली उतरवल्या, पेन ड्राइव्हवर घातल्या आणि ‘येस’ दाबत गेलो. मुलांना एवढेच सांगितले, “दाबा, त्याशिवाय वायफाय चालत नाही.” सहा नंबरलाही नंतर तेच. आणि पुढच्याच आठवड्यात पाटी रंगवायला दिली. शंभर टक्के!

हे लिहिताना लाज वाटते, कारण आमचा रोजचा व्यवसायच कागदांचा आहे. बचत गटांच्या बायांना कर्जाच्या कागदावर सही करताना आम्ही बघतो. छोटा टाइप, तीन-चार पाने, आणि ज्याला घाई आहे तो साहेब. “मावशी, इथं, आणि इथं. आता इथं अंगठा.” मावशी विचारतात, काय लिहिलंय? “काही नाही, नेहमीचंच.” आम्ही या ‘नेहमीचंच’वर कार्यशाळा घेतो. सही म्हणजे संमती नव्हे. समजले पाहिजे, आणि नाही म्हणायची सोय पाहिजे, तरच ती संमती, हे आम्ही गावोगाव सांगतो. आणि स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या मुलांना आम्ही काय म्हणालो? दाबा. नेहमीचंच.

डेबियनवाल्यांनी या एका प्रश्नावर किती वर्षे डोके फोडले आहे ते वाचले तेव्हा आम्हाला थोडा धीर आला. २००४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी सामाजिक कराराची भाषा बदलली. ठराव ‘संपादकीय दुरुस्ती’ म्हणून मांडला होता, पण मंजूर झाल्यावर ध्यानात आले की शब्दशः अर्थ घेतला तर फर्मवेअरच्या फाईलीही प्रणालीतून काढाव्या लागतील आणि येऊ घातलेली आवृत्ती लटकेल. त्याच वर्षी पुन्हा मतदान घेऊन अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. २००६ मध्ये पुन्हा मतदान, २००८ मध्ये पुन्हा. प्रत्येक वेळी ‘या आवृत्तीपुरती सवलत’. (चळवळीतल्या जुन्या माणसांना ही ‘या वेळेपुरती’ची भाषा ओळखीची वाटेल.) शेवटी २०११ च्या फेब्रुवारीत सहावी आवृत्ती आली तेव्हा कर्नेल अमुक्त फर्मवेअरपासून साफ केलेला होता. त्या फाईली वेगळ्या ठेवल्या, आणि लागतील तेव्हा वापरणाऱ्याने स्वतः आणून द्यायच्या असे ठरले. आमच्या मुलीला पडद्यावर जो प्रश्न दिसला तो या सगळ्या भांडणाचा वारस होता.

आता गंमत बघा. फाईली आत घातलेला एक वेगळा इन्स्टॉलरही डेबियनच्याच संकेतस्थळावर होता, ‘अनधिकृत’ असे नाव देऊन. माहीतगार माणूस सरळ तोच घेई. तत्त्व मुख्य दारावर टांगलेले आणि जाणकारांची ये-जा मागच्या दाराने. अडकत कोण होते? ज्याला मागचे दार माहीत नाही तो. म्हणजे आमच्यासारखे.

२०२२ च्या एप्रिलमध्ये स्टीव्ह मॅकिंटायर यांनी हे ढोंग उघडपणे मांडले. हे गृहस्थ डेबियनचे माजी प्रमुख, आणि इन्स्टॉलरच्या सीडी तयार करण्याचे काम वर्षानुवर्षे त्यांच्याकडे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: आज बाजारातला जवळपास कुठलाही लॅपटॉप या फाईलींशिवाय नीट चालत नाही, आणि आपण लोकांना असा इन्स्टॉलर देतो जो त्यांच्या यंत्रावर चालणार नाही हे आपल्याला माहीत असते. त्यानंतर सभासदांचे मतदान झाले. अनेक पर्याय होते. एकच इन्स्टॉलर ठेवा, दोन ठेवा, आहे तसेच राहू द्या, करार बदला, न बदलता करा. करार बदलायचा तर विरोधाच्या तिप्पट पाठिंबा लागतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला निकाल लागला, आणि जिंकला तो करार बदलून एकच इन्स्टॉलर ठेवण्याचा पर्याय. पाचव्या कलमात एका वाक्याची भर पडली. १० जून २०२३ रोजी बारावी आवृत्ती आली तेव्हापासून त्या फाईली अधिकृत इन्स्टॉलरच्या पोटातच असतात.

या पद्धतीला आम्ही दाद देतो. त्यांना गुपचूप फाईली घुसवता आल्या असत्या. आधी लेखी शब्द बदलू, मगच कृती बदलू, असे त्यांनी केले. कायदा कागदावर एक आणि कचेरीत दुसरा, हे ज्यांनी आयुष्यभर सोसले त्यांना याची किंमत वेगळी सांगायला नको.

पण ठरावातला दुसरा भाग बघा. यंत्राला गरज आहे असे दिसले की फाईली आपोआप चढवायच्या. आधी विचारायचे नाही. काय चढवले त्याची माहिती द्यायची, नोंद यंत्रात ठेवायची, आणि शक्य तिथे बंद करण्याची सोय द्यायची. शिवाय पुढची अद्ययावत पॅकेजे जिथून येतात त्या यादीत अमुक्त फर्मवेअरचा विभागही जोडून ठेवायचा, म्हणजे आज न विचारता आलेली फाईल उद्या न विचारता नवी होऊन येते. बंद करायचे कसे? सुरुवातीच्या मेन्यूत ओळ संपादित करायला घ्यायची आणि तिच्या शेवटी ‘फर्मवेअर बरोबर नेव्हर’ अशा अर्थाचा पर्याय हाताने टाइप करायचा. म्हणजे नकाराचे दार आहे, पण ते फडताळाच्या मागे आहे, आणि फडताळ हलवायचे असते हे घरात कुणी सांगितलेले नाही.

आमचे पहिले मत एकदम पक्के झाले. हे चुकले! आधी विचारलेच पाहिजे. २०२४ मध्ये आम्ही आठही लॅपटॉपांवर बारावी आवृत्ती नव्याने बसवली, वायफाय पहिल्या फटक्यात चालले, मुलांनी टाळ्या वाजवल्या, आणि आम्ही मात्र तोंड पाडून बसलो. या विषयावर एक जळजळीत लेख लिहायला घेतला होता. तो अर्ध्यावर थांबला तो एका विद्यार्थ्यामुळे.

हा मुलगा जन्मतः अंध. वसतिगृहात राहतो, कायद्याचे शिकतो, संगणक आवाजावर चालवतो. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये सुरुवातीलाच ‘एस’ हे अक्षर दाबून एंटर केले की इन्स्टॉलर बोलू लागतो. पडद्यावरचे सगळे वाचून दाखवतो. अकराव्या आवृत्तीच्या वेळी त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर ते करून पाहिले होते. यंत्र गप्प. त्या लॅपटॉपच्या ध्वनियंत्रणेलाच फर्मवेअरची फाईल लागत होती. म्हणजे पडद्यावर प्रश्न उमटलाही असेल, पण तो ऐकू यायला आधी ती फाईल हवी, आणि फाईल मिळायला प्रश्नाचे उत्तर हवे. शेवटी त्याला डोळस मित्राला बोलवावे लागले, आणि स्वतःचा पासवर्ड दुसऱ्याकडून टाइप करून घ्यावा लागला. बाराव्या आवृत्तीत त्याने सगळे एकट्याने केले. पासवर्डसुद्धा.

आम्ही आमचा अर्धवट लेख त्याला वाचून दाखवला. तो म्हणाला, “दादा, तुमचं ‘आधी विचारा’ माझ्यासाठी ‘आधी दार बंद करा’ आहे.”

मॅकिंटायर यांनीही अंध वापरकर्त्यांची ही अडचण मांडली होती, आम्ही ती वाचलीही होती. वाचणे वेगळे आणि समोर बसलेल्या माणसाकडून ऐकणे वेगळे.

तरीही आम्ही वाद सोडला नाही. न विचारता केलेले उपकार आम्हाला ठाऊक आहेत. योजना वस्तीसाठी, बैठक तालुक्याला, आणि वस्तीतल्या एकालाही बोलावणे नाही. विचारले तर उत्तर येते, तुमच्या भल्याचेच आहे ना? ‘सामान्य माणसाला फर्मवेअर कळत नाही, कशाला प्रश्न विचारून गोंधळात टाकायचे’ हे वाक्य इंटरनेटवर अनेक तंत्रज्ञ बोलताना दिसतात. वाक्यातला फर्मवेअर हा शब्द काढा आणि तिथे कर्ज, औषध, ऑपरेशन, जमीन काहीही घाला. वाक्य तसेच चालते. कळत नाही म्हणून विचारायचे नाही, आणि विचारत नाही म्हणून कधी कळत नाही. या चक्राला आमचा विरोध होता आणि आहे.

त्यावर मुलाने जे उत्तर दिले ते कुठल्याही तंत्रज्ञाच्या लेखात आम्ही वाचलेले नाही. तो म्हणाला, “मला न विचारता चढवलं त्याचा रागच आहे मला. पण आवाज आधी द्या, मग विचारा. आवाजाची एक फाईल चढवली की मला सांगा, ही तुझ्या परवानगीशिवाय चढवली, कारण त्याशिवाय तुला विचारताच आलं नसतं. ठेवायची का? आणि मग बाकीच्यांचं विचारा. वायफायसाठी, ग्राफिकसाठी. तेवढी तर सोय होऊ शकते ना?”

आमचा लेख या दोन वाक्यांपुढे कोसळला, आणि नवे मत तयार झाले ते असे. विचारणे शक्य असेल तिथे आधी विचारले पाहिजे. जिथे विचारण्यासाठीच फाईल लागते, आवाजासाठी किंवा पडदा धड दिसण्यासाठी, तिथे तेवढीच चढवावी आणि लगेच सांगावे. डेबियनने सांगण्याची आणि नोंदीची बाजू सांभाळली. विचारण्याची बाजू सोडून दिली. जुन्या पद्धतीत प्रश्न होता पण उत्तराला अर्थ नव्हता. नव्या पद्धतीत यंत्र चालते पण प्रश्नच नाही.

मुक्त सॉफ्टवेअरचे कट्टर कार्यकर्ते आम्हाला म्हणतील, प्रश्नच कशाला? अमुक्त फाईल देऊच नका. रिचर्ड स्टॉलमन यांनी स्थापन केलेली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन याच मताची. अमुक्त विभाग सांभाळते म्हणून ती डेबियनची शिफारस करत नाही. तिच्या पसंतीच्या ट्रिस्केलसारख्या प्रणालीत हा प्रश्न उठत नाही, कारण फाईलच नसते. या निष्ठेबद्दल आम्हाला आदर आहे. पण त्यांच्याच भूमिकेतली एक गोष्ट आम्हाला गिळता येत नाही. तेच अमुक्त फर्मवेअर कारखान्यात चिपमध्ये कायमचे कोंबून दिले, की त्याला ते यंत्राचाच भाग मानून सोडून देतात. हार्ड डिस्कमध्ये ते आहे, कीबोर्डच्या आतल्या कंट्रोलरमध्ये आहे, प्रोसेसरमध्ये आहे. प्रोसेसरचे मायक्रोकोड तर बघा: २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर नावाची मोठी सुरक्षा त्रुटी उघड झाली, आणि तिच्यावरच्या इलाजाचा एक भाग म्हणून कंपन्यांनी नवे मायक्रोकोड दिले. ते ‘अमुक्त’ म्हणून नाकारले तर तुमच्या यंत्रात काय उरते? त्याच कंपनीचे तेवढेच बंद, पण जुने आणि भोक असलेले मायक्रोकोड. न दिसणारी विषमता चालते आणि दिसणारी टोचते, असा हा प्रकार झाला.

आणि नकार परवडतो कुणाला? ज्याच्याकडे मुक्त फर्मवेअरवर चालेल असे यंत्र शोधून विकत घ्यायला पैसा, वेळ आणि इंग्रजी आहे त्याला. आमच्याकडे दान आलेले लॅपटॉप. दानात निवड नसते. म्हणून आमच्यासाठी प्रश्न असा हवा की ज्यात ‘नाही’ची किंमत आधी सांगितली आहे. त्या मुलाबरोबर आणि बारावीच्या मुलीबरोबर (ती आता पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे) बसून आम्ही मराठीत एक मसुदा केला. इंग्रजीचे भाषांतर न करता, आपल्या माणसाला आपण विचारू तसा:

‘तुमच्या लॅपटॉपचे वायफाय चालायला कंपनीची एक फाईल लागते. तिचे पैसे पडत नाहीत. पण तिच्या आत काय लिहिले आहे ते कंपनीने उघड केलेले नाही, त्यामुळे ते आम्हालाही तपासता येत नाही. हो म्हणालात तर वायफाय आत्ता चालेल. नाही म्हणालात तर वायफाय चालणार नाही, केबलने इंटरनेट बहुधा चालेल, आणि हा निर्णय तुम्हाला नंतर कधीही बदलता येईल.’

खाली दोन बटणे. ‘हो’ आधीच निवडलेले असावे की नाही, यावर आमच्यात एकमत झाले नाही. मुलगी म्हणाली निवडलेले असावे, नाहीतर घाईत असलेली माणसे अडकतात. ती स्वतः अडकली होती. मुलगा म्हणाला, आधीच भरलेला रकाना हा न विचारल्यासारखाच, कर्जाच्या कागदावर पेन्सिलीने आधीच केलेली फुली आठवा. आम्ही मुलीच्या बाजूचे आहोत, पण फुलीचे उदाहरण अजून डोक्यातून जात नाही.

या सगळ्यावर आमच्याच एका कार्यकर्त्याने विचारले, “वस्तीत नळाला पाणी नाही आणि तुम्ही फाईलींचं काय घेऊन बसलात?” प्रश्न रास्त आहे. पाण्याचा अर्ज याच लॅपटॉपवर टाइप होतो हे एक उत्तर. खरे उत्तर असे की आम्ही मुलांना संमती शिकवायला निघालो होतो आणि पहिल्याच वर्गात नापास झालो, ते आम्हाला सलत होते. शिवाय हे काम दूरच्या लोकांचे आहे असेही नाही. भारत सरकारच्या सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही प्रणाली डेबियनवरच उभी आहे, आणि सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. २०२३ च्या सप्टेंबरात डेबियनची जागतिक परिषद केरळात, कोचीला भरली होती. इन्स्टॉलरचे मराठी शब्दही कुणीतरी स्वयंसेवकानेच बसून लिहिलेले आहेत. आमचा मसुदा पाठवायला पत्ता आहे, आणि पाठवणारे हातही आता आहेत.

गेल्या महिन्यात एका रविवारी मुलांनी आठही लॅपटॉप उघडले, इन्स्टॉलरने ठेवलेल्या नोंदींतून चढवलेल्या फाईलींची नावे काढली आणि वहीच्या कागदावर उतरवली. प्रत्येक लॅपटॉपला सरासरी चार-पाच. कुठे वायफाय, कुठे ब्लूटूथ, कुठे ग्राफिक, मायक्रोकोड सगळीकडे. नावे अगम्य, नुसती अक्षरे आणि आकडे. पण कोणत्या कंपनीची, कशासाठी, आणि ती काढली तर काय बंद पडेल, हे प्रत्येकाने शोधून पुढे मराठीत लिहिले. ते कागद आता लॅपटॉपांच्या झाकणांवर चिकटवले आहेत. अंध मित्रासाठी त्याच मजकुराची एक ध्वनिफीत केली.

सहा नंबरच्या झाकणावरची यादी सगळ्यांत लहान आहे. त्या मुलीने तिच्या जुन्या ‘नो’चा हट्ट पुन्हा धरला, या वेळी समजून. लॅपटॉपच्या आतले वायफाय कार्ड तिने बंद ठेवले आणि एआर ९२७१ चिपचा एक छोटा यूएसबी वायफाय अडॅप्टर शोधून काढला. या चिपच्या फर्मवेअरचा सोर्स कोड कंपनीने २०१३ मध्ये खुला केला आहे आणि ती फाईल डेबियनच्या मुक्त विभागातच मिळते. अडॅप्टरला काही शे रुपये पडले, ते आम्ही अभ्यासिकेच्या वर्गणीतून दिले. वेग थोडा कमी आहे. तिच्या यादीत मायक्रोकोडची एकच ओळ उरली आहे, आणि तिच्यापुढे तिने लिहिले आहे: ‘ही ठेवली. विचार करून.’

पाटी उतरवल्यावर भिंतीवर रंगाचा चौकोन राहिला आहे. त्या जागी काय लिहायचे ते अजून ठरलेले नाही. मुले म्हणतात, आधी सगळ्यांना विचारा.